फेरीवाल्यांनी पुसलेले सात महिने

आमच्या इस्पितळात त्यांना सगळे फेरीवाले म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. हुद्दा होता संगणक विभागाचे तंत्रज्ञ. विभाग म्हणजे तळघरात, धुलाईखान्याच्या शेजारी एक खोली. तिच्यात कपाटाएवढी दोन यंत्रं, एक टेबल, भिंतीला टेकवलेली एक लोखंडी खुर्ची आणि हे एकटे. पाच मजल्यांचे सगळे रिपोर्ट, एक्स-रे आणि कागदपत्रं या एका माणसाच्या हवाली होती. त्यांना काहीही बदलायचं असलं की ते जिने चढून दारोदार फिरत. "बाई, उद्या दुपारी अर्धा तास यंत्र बंद ठेवलं तर चालेल का? नाही, खरंच चालेल का? उद्या कोण पेशंट आहे तुमच्याकडे?" त्यांच्याकडे फोन होता, ईमेल होता. पण फोनवर माणूस हो म्हणतो ते फोन ठेवायची घाई असते म्हणून, असं त्यांचं मत. म्हणून फेरीवाले. वर्षातून एखाद वेळी खुशीत असले तर दारात उभं राहून स्वतःच हाळी द्यायचे, "जुन्या फायलीऽ, हरवलेल्या फायलीऽ!" आणि आत बसलेले पेशंटही हसायचे.

मी तिसऱ्या मजल्यावर. आजाराने ज्यांचं बोलणं जातं त्यांना पुन्हा बोलतं करण्याचा प्रयत्न करणं हे माझं काम. स्वभावाने मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी नावं ठेवायला नको.

फेरीवाल्यांचं घर मी तेव्हा पाहिलं नव्हतं. एवढंच माहीत होतं की लग्न केलेलं नाही, थोरली बहीण सोबत राहते, तिला अक्का म्हणतात आणि ती घरीच शिवणकाम करते. त्यांच्या सदऱ्याची बटणं कधी तुटलेली दिसली नाहीत. डावा गुडघा मात्र कायमचा रुसलेला. जिना चढताना ते दर आठ पायऱ्यांना थांबायचे आणि दम लागलाय हे कळू नये म्हणून भिंतीवरच्या सूचना वाचत असल्याचं दाखवायचे. त्या सूचना पंधरा वर्षांत बदललेल्या नव्हत्या.

त्यांच्या यंत्रांवर एक जुनी प्रणाली चालायची. ती दर तासाला सगळ्या डिस्कचा स्नॅपशॉट घ्यायची. हे काय प्रकरण असतं ते त्यांनीच मला समजावलं होतं, तेही चारदा. "फोटो समजा, बाई. त्या घटकेला कुठल्या फायलीत काय होतं ते तसंच धरून ठेवलेलं. तुम्ही नंतर फाईल पुसा, तिच्यावर दुसरं काही लिहा, फोटोतली हलत नाही." तासाचे फोटो एक दिवस राहायचे, रोजचे महिनाभर, आणि दर महिन्याचा एक असे वर्षभर. त्याहून जुने ती प्रणाली आपणच काढून टाकायची. एकदा माझी एक फाईल उडाली तेव्हा त्यांनी मला जुन्या फोटोंचा फोल्डर कुठे असतो, त्यातून फाईल कशी उचलायची, हे शिकवलं. माझ्या भल्यासाठीच शिकवलं. आणि तिथेच माझं चुकलं.

झालं असं की फार पूर्वी आमच्या विभागाला डिस्कवर चिमूटभर जागा मिळाली होती. त्यामुळे एका पेशंटची एकच आवाजाची फाईल ठेवायची आणि या आठवड्याचं रेकॉर्डिंग मागच्या आठवड्याच्या वर घ्यायचं, अशी पद्धत पडली. पुढे जागा वाढली, पण पद्धत तीच राहिली. आणि मागचं काही ऐकायचं झालं तर फोटोंचा फोल्डर होताच की! फेरीवाल्यांनी ती जाळी बांधली होती वरून कोणी पडलं तर झेलायला. मी तिच्यात संसार मांडला, आणि त्यांना ताकास तूर लागू दिली नाही. लपवायचं असं काही नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, हेच मला कधी सुचलं नाही.

आता सुतारदादांविषयी. दारं-खिडक्या करणारा साठीच्या आतबाहेरचा माणूस. मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. समोर कुलूप धरलं तर ते काय आहे, कसं उघडतं, आत काय असतं हे सगळं त्यांना ठाऊक, पण "कुलूप" हा शब्द जिभेवर येईना. माझ्याकडे दहा चित्रांचा एक संच आहे. कुलूप, शिडी, कात्री, चष्मा अशी साधी चित्रं. दर गुरुवारी तीच दहा, त्याच क्रमाने. रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि दहाव्या चित्राचं नाव, मदत देऊन का होईना, तोंडातून येईपर्यंत बंद करायचं नाही, हा माझा नियम. पहिल्यांदा त्यांना अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला होता. घामाने सदरा भिजला होता, आणि त्यांच्या बायकोने, वहिनींनी, मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं होतं.

आठ महिने ते आले. दोन बसगाड्या बदलून, काठी टेकत. मग एका गुरुवारी आले ते चित्रांना हात न लावता बसले. डावा हात आडवा हलवला.

"ते म्हणतायत, बास आता," वहिनी म्हणाल्या. "घरी पण हेच. मी म्हणते सुधारलंय, तर चिडतात. म्हणतात... म्हणजे म्हणत नाहीत, पण मला कळतं. मी समजूत घालते असं वाटतं त्यांना."

"नाही," सुतारदादा म्हणाले. मग खूप वेळाने, "तेच. तेच आहे."

रोज आरशात बघणाऱ्याला केस किती वाढले ते कळत नाही, तसंच हेही. आणि मला माहीत होतं, ते आत्ता थांबले तर जे आलंय तेही हळूहळू निसटणार. अशी माणसं मी पाहिली आहेत. घरचे त्यांच्या वतीने बोलायला लागतात आणि वर्षभरात तो माणूस घरातल्या फर्निचरसारखा होऊन बसतो. मी म्हटलं, "दादा, एक काम करा. पुढच्या गुरुवारी फक्त ऐकायला या. पहिल्या महिन्यातला तुमचा आवाज माझ्याकडे आहे. तो ऐका, मग कालपरवाचा ऐका. त्यानंतरही बास वाटलं तर मी एक शब्द बोलणार नाही."

 दादांनी एक बोट वर केलं. एकदाच येणार.

तिकडे तळघरात फेरीवाल्यांचं वेगळंच चाललं होतं. ती जुनी प्रणाली ज्यांनी लिहिली त्यांनी तिच्याकडे बघणं कधीच सोडलं होतं, आणि यंत्रांवर नवी आवृत्ती चढवली की ती चालणारच नव्हती. तिच्या जागी एक नवी सेवा बसवायची होती. फेरीवाल्यांनी ती आधी एका जादा यंत्रावर तीन महिने चालवून पाहिली. रोज सकाळी तिच्या फोटोतून एक फाईल बाहेर काढायची, उघडायची, नीट उघडली का ते बघायचं. मी एकदा म्हटलं, "अहो फेरीवाले, एवढी परीक्षा तर मुलीला स्थळ बघताना पण घेत नाहीत." ते म्हणाले, "म्हणूनच मी लग्नाच्या भानगडीत पडलो नाही." मग सगळी खात्री पटल्यावर जुनी बंद केली, नवी सुरू केली.

एक गोष्ट मात्र उरली. नवी सेवा फक्त स्वतः काढलेले फोटो ओळखायची. जुनीने काढलेले तिच्या खिजगणतीत नव्हते. ते वेळच्या वेळी काढून टाकणारी तर बंद झाली होती, म्हणजे ते डिस्कवर ठाण मांडून बसणार. फेरीवाल्यांचा बेत होता की त्यांना वर्षभर तसंच ठेवायचं, नवीच्या गाठीशी तिचं स्वतःचं एक वर्ष जमेपर्यंत. पण त्याच सुमारास एक्स-रे विभागात नवं यंत्र आलं आणि महिन्याभरात डिस्क काठोकाठ भरली. एक्स-रे साठेनात. वरिष्ठांचे फोनावर फोन सुरू झाले. सोमवारपर्यंत जागा करायचीच, असा हुकूम आला.

एरवी ते पाचही मजले फिरले असते. त्या आठवड्यात लिफ्ट बंद होती, गुडघ्यात पाणी झालं होतं, आणि आमच्याच हाडांच्या डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून दम दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सूचनेचा कागद काढला. "जुन्या प्रती सोमवारी काढण्यात येतील. कोणास काही हवे असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे." शिपाई तो सगळ्या विभागांत फिरवून सह्या घेऊन आला.

बुधवारी दुपारी मी सुतारदादांचा पहिला महिना काढून ठेवायला बसले. फोल्डर उघडला. त्यात पाच आठवडे होते. त्यामागे काही नाही. पुन्हा उघडला. काळजात धस्स झालं, आणि लगेच अंगाचा तिळपापड झाला. मला एकापाठोपाठ दोन्ही होतात. मी तीन मजले धडाधड उतरले.

"कुठे गेलं सगळं?" मी दारातूनच ओरडले. "माझ्या पेशंटचे सात महिने होते त्यात! उद्या येतोय तो माणूस. काय ऐकवू त्याला, तुमच्या यंत्राची घरघर?"

फेरीवाले लोखंडी खुर्चीवर पाय लांब करून बसले होते, गुडघ्याला पट्टा. आधी त्यांना कळलंच नाही. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, एका फायलीवरच रेकॉर्डिंग करता का, कधीपासून, दर वेळी त्यांच्याकडून काय बोलून घेता. मी उत्तरं दिली, तीही ओरडूनच. त्यांचा चेहरा उतरत गेला. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते.

"परत आणता येईल?" मी विचारलं.

"नाही, बाई. काढला की काढलाच. त्याची जागा दुसऱ्याने घेतली." मग म्हणाले, "मी पुसलं. मी विचारायला यायला पाहिजे होतं."

मी दार आपटून निघाले. पहिल्या मजल्यावर, भिंतीवरच्या त्या सूचनांपाशी मला आठवलं. शुक्रवारी सकाळी समोर एक मुलगी "पाणी" म्हणायचा प्रयत्न करत होती, शिपाई आत आला होता, त्याने कागद पुढे केला होता, आणि मी तिच्यावरची नजर न काढता सही ठोकली होती. काय लिहिलं होतं ते वाचलं नव्हतं. सह्यांचा तो कागद फेरीवाल्यांच्या टेबलावरच असणार. मी बोंब मारत असताना त्यांनी नुसता तो माझ्यापुढे सरकवला असता तरी माझी बोलती बंद झाली असती.

लगेच खाली उतरून माफी मागायला हवी होती. मला ते जमलं नाही. संध्याकाळी सुटताना गेले तर खोलीला कुलूप. सकाळी गाठलं त्यांना, दारातच. म्हटलं, "सही माझी होती. मला काल का नाही सांगितलंत?"

"सही होती, पण तुम्ही वाचलं नव्हतं," ते म्हणाले. "कोणीच वाचत नाही. ते मला माहीत आहे, म्हणून तर मी चालत येतो. या वेळी नाही आलो." मग म्हणाले, "तुमचे पेशंट किती वाजता येतात? मी वर येतो. त्यांना मी सांगतो."

"अहो, गुडघा—"

"बाई, किती वाजता?"

सुतारदादा अकराला आले. इस्त्रीचे कपडे घालून आले होते. कोणाचा निरोप घ्यायला जावं तसे. लिफ्ट अजून बंदच होती, म्हणजे तेही काठी टेकत तीन मजले चढले होते. त्यांच्या मागोमाग दहा मिनिटांनी फेरीवाले आले, कठड्याला धरून, हातात एक मोठा लिफाफा. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"दादा, मी इथली यंत्रं सांभाळतो," ते म्हणाले. "तुमचा आवाज माझ्याकडे होता. सोमवारी मी तो पुसला. चुकून नाही, हाताने पुसला. विचारायला आलो नाही. आता तो नाही."

मी मध्ये बोलायला गेले. त्यांनी हातानेच मला थांबवलं.

सुतारदादांनी वहिनींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक कडवट हसू आलं. "नव्हता," ते म्हणाले. बऱ्याच झगड्यानंतर पुढचा शब्द आला. "नव्हताच."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. त्या माणसाला वाटत होतं की पहिला महिना, प्रगती, सगळं आम्ही दयेपोटी रचलेलं आहे, आणि आता ऐकवायची वेळ आल्यावर हा एक वयस्कर गृहस्थ आळ अंगावर घ्यायला पुढे केला आहे. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. सुतारदादांनी काठी उचलली.

फेरीवाल्यांनी लिफाफा उघडला. त्यातून आधी कागदांचा एक गठ्ठा काढला. काही पुसायच्या आधी त्यात काय काय आहे याची यादी छापून ठेवायची, ही त्यांची शिस्त. फायलीचं नाव, तारीख आणि ती डिस्कवर किती जागा खाते तो आकडा. आठ पानांवर आठ ओळींखाली पेन्सिलीची रेघ होती. "यातल्या सात मी पुसल्या. आठवी नव्या सेवेकडे आहे, ते पान मी काल छापलं. आवाज गेला, दादा. पण तो केवढा होता ते राहिलंय. आवाजाच्या फायलीत एका मिनिटाला ठरलेली जागा लागते. म्हणजे जागेवरून मिनिटं निघतात."

सुतारदादा कागदाकडे बघत होते, पण अक्षरंही त्यांच्यापासून निम्मी पळालेली. ते फेरीवाल्यांना ठाऊक असावं, कारण त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि लिफाफ्यातून पट्ट्या काढल्या. जाड खाकी कागदाच्या, दोन बोटं रुंद. अक्कांनी मला पुढे सांगितलं की बुधवारी घरी आल्या आल्या ते त्यांच्या शिवणाच्या टेबलाशी बसले, त्यांची टेप आणि कात्री घेतली, आणि दोनदा चुकीच्या कापल्या म्हणून स्वतःवरच चिडले. अक्का म्हणाल्या, मी कापून देते. तर नको म्हणाले.

"एका मिनिटाला एक सेंटीमीटर," फेरीवाले म्हणाले, आणि पट्ट्या टेबलावर एकाखाली एक मांडल्या, डावीकडची टोकं जुळवून. पहिली चौतीस. दुसरी तेहतीस. मग एकोणतीस, मग तीस. मग बावीस, सतरा, तेरा. शेवटची नऊ.

"तीच दहा चित्रं?" त्यांनी मला विचारलं.

"तीच," मी म्हटलं. "त्याच क्रमाने. दहावं होईपर्यंत मी बंद करत नाही."

सुतारदादांनी काठी खाली ठेवली. ते पट्ट्यांवर वाकले. डाव्या हाताचा अंगठा पहिल्या पट्टीच्या टोकापासून शेवटापर्यंत फिरवला, मग दुसरीच्या. चौथीशी ते थांबले. ती तिसरीपेक्षा लांब होती. त्यांनी मान वर करून फेरीवाल्यांकडे बघितलं.

"तिथे वाढलंय," फेरीवाले म्हणाले. "आहे तसं कापलंय मी."

मला वाटतं त्या एका सेंटीमीटरमुळे त्यांचा विश्वास बसला. आयुष्यभर लाकूड मापलेल्या माणसाला कोणतं माप जमवून आणलेलं असतं आणि कोणतं खरं, ते कळत असणार. त्यांनी उरलेल्या पट्ट्यांवरूनही अंगठा फिरवला.  मग पहिल्या, चौतीसच्या पट्टीवर त्यांनी सबंध तळहात ठेवला.

"मी?" ते म्हणाले.

"हो. ते तुम्हीच," मी म्हटलं.

 फेरीवाले भिंतीला टेकून उभे होते. घाम कानशिलावरून उतरत होता, जिन्याचा की दुसरा कसला, कोण जाणे. त्यांच्या तोंडावर सुटल्याची कसलीही खूण नव्हती. ती पुढेही कधी दिसली नाही. निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला ते मला विचारत राहिले, दादांचा आवाज ठेवलाय ना नीट, वेगळा, आणि मी हो म्हटलं तरी स्वतः उघडून ऐकायचे.

सुतारदादांनी पट्ट्या गोळा केल्या, घडी न पाडता, आणि वहिनींकडे दिल्या. खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग माझ्या रेकॉर्डरकडे बोट केलं.

"लाव," ते म्हणाले.

फेरीवाले जायला निघाले तेव्हा सुतारदादांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीवर दोनदा थाप मारली. मग फेरीवाले बसले, पाय लांब करून, हात मांडीवर. मी बटण दाबलं आणि कुलपाचं चित्र पुढे धरलं. त्या दिवशी दहा चित्रांना अकरा मिनिटं लागली, मागच्यापेक्षा दोन जास्त, आणि आम्हा चौघांपैकी कोणीही त्याबद्दल काही बोललं नाही.